हिरडीखालची सफाई केल्याने दात सैल होतात का?

सायंतारा:
काही महिन्यांपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, दुखत मात्र काहीच नाही. दंतवैद्यांनी तपासून मागच्या दाढांभोवती हिरडी आणि दात यांच्यामध्ये 5 ते 6 मिलिमीटर खोल कप्पे झाल्याचे सांगितले आणि भूल देऊन हिरडीखालची सफाई सुचवली. घरातील वडीलधाऱ्यांचे मत असे की, स्केलिंग (अशी सफाई) केले की दात हलू लागतात आणि मध्ये फटी पडतात. त्यापेक्षा प्रतिजैविकाच्या गोळ्या घ्याव्यात. यात तथ्य किती?

दंतचिकित्सक_१:
फटी दिसतात हे खरे आहे, परंतु त्यांचे कारण वेगळे आहे. हिरडी आणि दात यांच्यामधील खाच निरोगी अवस्थेत 1 ते 3 मिलिमीटर असते. तिथे साचलेला जीवाणूंचा थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच तो कडक होऊ लागतो आणि त्याचे कीटण बनते. त्यावर पुन्हा जीवाणू साचतात, शरीर त्यांच्याशी झगडताना दाह निर्माण होतो, आणि या दीर्घकाळ चाललेल्या दाहातच दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजत जाते. म्हणजे आधार आधीच गेलेला असतो. कीटण आणि हिरडीची सूज यांनी ती पोकळी झाकलेली असते. सफाईनंतर सूज उतरते, मुळाचा काही भाग उघडा पडतो, थंड पदार्थ काही आठवडे झोंबतात आणि दोष सफाईवर येतो.

दुखत नाही यावर विसंबू नका, कारण हा आजार बहुधा न दुखताच वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांत तर रक्तही कमी येते, त्यामुळे त्यांचा आजार फार उशिरा लक्षात येतो.

केवळ गोळ्यांनी भागत नाही. चिकट थरात दडलेल्या जीवाणूंपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही आणि कीटण तर तसेच राहते. काही निवडक रुग्णांना प्रतिजैविक दिले जाते, पण तेही सफाईच्या जोडीने.

निवांत:
मधुमेह असल्यास तो दंतवैद्यांना अवश्य सांगा. साखर नियंत्रणात नसली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतील दाहामुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. माझ्या बाबतीत दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू केल्यावरच रक्त येणे थांबले.

सायंतारा:
धन्यवाद. मधुमेह नाही. रक्त येते त्या जागी ब्रश फिरवावा की काही दिवस ती जागा सोडावी?

दंतचिकित्सक_१:
सोडू नये, रक्त येते तिथेच स्वच्छतेची अधिक गरज असते. 1965 मध्ये दंतसंशोधक हेराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दातांची स्वच्छता थांबवायला सांगितले होते. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात ती ओसरली. अर्थात ती सूज हाडापर्यंत गेलेली नव्हती. तुमच्या 5 मिलिमीटरच्या कप्प्यात ब्रशचे केस तळापर्यंत पोहोचणार नाहीत, म्हणूनच सफाई करून घ्यावी लागेल.

मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरा आणि दाढांच्या फटींत मावेल एवढ्या जाडीचा छोटा ब्रश रोज फिरवा. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळ दंतवैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच वापरावी. अधिक काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बदलते.

सफाईनंतर सुमारे तीन महिन्यांनी कप्पे पुन्हा मोजून घ्या. खोली 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी झाली आणि मोजताना रक्त आले नाही, तर शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही. गेलेले हाड मात्र बहुतेक वेळा भरून येत नाही, म्हणून पुढेही दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी चालू ठेवावी लागेल.