‘बर्वे मंडळी’ ग्रुप: टेंट ओन्ली, सीपॅप आणि ग्राउलर

29 एप्रिल 2025 (वेळा डेन्व्हरच्या)

सुनीतावहिनी, 7:12
सुप्रभात सर्वांना. पराग, जूनच्या सहलीसाठी डिसेंबरात तू बुक केलेली रॉकी माउंटन नॅशनल पार्कातल्या ग्लेशियर बेसिन कॅम्पग्राउंडची साइट आज नीट उघडून पाहिली. ‘टेंट ओन्ली’, म्हणजे फक्त तंबू, असं लिहिलंय. आपली आरव्ही, म्हणजे राहायची गाडी, 28 फुटी आहे. "वहिनी, निश्चिंत राहा" असं कोण म्हणालं होतं?

पराग, 7:15
साइट सुंदर आहे पण 😅

केतन, 7:19
बुकिंग करताना नुसतं ‘आरव्ही’ फिल्टर लावूनही भागत नाही. ग्लेशियर बेसिनची मर्यादा 35 फूट, ॲस्पेनग्लेन या दुसऱ्या कॅम्पग्राउंडची 30. पण प्रत्येक साइटच्या ड्राइव्हवेची लांबी वेगळी असते, ती त्या साइटच्या पानावर खाली दिलेली असते. मागचा बंपर रस्त्यावर आला की रेंजर हलवायला लावणार.

अजितकाका, 7:24
पुण्याहून नमस्कार. तिथे रात्रभर वीज असते का? माझं सीपॅप मशीन आहे, झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावतो ते.

मीनाआत्या, 7:26
मी तेव्हाच केबिन घ्या म्हणत होते. असो. आमचं कोण ऐकतंय.

पराग, 7:28
साइट बदलू हो. महत्त्वाचा मुद्दा बिअरच्या ब्रुअरींचा. एस्टेस पार्क गावात रॉक कट, लम्पी रिज, शिवाय 1993 पासूनची एस्टेस पार्क ब्रुअरी. ट्रेल रिज रोडने पलीकडे ग्रँड लेकला उतरलो तर

सुनीतावहिनी, 7:29
पराग. आधी साइट.

मिलिंद, 7:41
वहिनी, रद्द केली तर 10 डॉलर कापतात, बाकीचे परत. आगमनाच्या आदल्या दिवसापर्यंत ताणलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. पण लगेच रद्द करू नका. त्या बुकिंगमध्ये पार्कातल्या बेअर लेक रोडची टाइम्ड एन्ट्री (ठरावीक वेळेचं प्रवेश परमिट) धरलेली आहे. साइट गेली की तीही जाते.

अजितकाका, 7:44
सीपॅपचं काय?

मिलिंद, 7:58
काका, हिशोब मांडतो. ग्लेशियर बेसिनला साइटवर वीज, पाणी, सांडपाण्याची सोय काहीच नाही. उंची साडेआठ हजार फुटांच्या आसपास, जूनमध्येही पहाटे 40 फॅरनहाइटच्या खाली जातं. म्हणजे आरव्ही गरम ठेवणारा फर्नेस लागणार. तो प्रोपेनवर पेटतो, पण पंखा बॅटरीवर, 7-8 अँपिअर. दहा तासांतला निम्मा वेळ चालला तरी 35-40 अँपिअर-अवर गेले. तुमचं मशीन ह्युमिडिफायर बंद ठेवून 20 च्या आसपास, चालू ठेवून दुप्पट किंवा जास्त. 100 ची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे 50. पहाटे चारला व्होल्टेज पडणार, फर्नेस पेटायचा नाही आणि मशीनही बंद.

रेवा, 8:01
जनरेटर आहे ना?

मिलिंद, 8:06
त्याला सकाळ-संध्याकाळचे ठरावीक तास असतात, रात्री बंदच. शिवाय दर हजार फुटांना त्याची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. कार्ब्युरेटरवाला असेल तर उंचीचा नॉब फिरवायचा. नाही फिरवला तर हवा विरळ, पेट्रोल जास्त, काळा धूर आणि स्पार्क प्लग काजळतो. भाड्याने देणारे हे सांगत नाहीत.

मीनाआत्या, 8:09
केबिनमध्ये वीज असते. फक्त माहितीसाठी सांगितलं.

केतन, 8:15
मधला मार्ग: मेरीज लेक. गावाच्या रिक्रिएशन डिस्ट्रिक्टचं कॅम्पग्राउंड, पार्कच्या बाहेर, पण फुल हुकअप (वीज, पाणी, सांडपाणी) मिळतं. 30 अँपिअर म्हणजे 3600 वॉट. हीटर 1500, मायक्रोवेव्ह 1500, त्यावर इन्स्टंट पॉट लावला की ब्रेकर उडाला. एका वेळी एकच काहीतरी.

अजितकाका, 8:17
म्हणजे सीपॅप चालेल?

केतन, 8:17
धावेल काका.

पराग, 8:20
आता तरी बिअर? ग्राउलर, म्हणजे बिअरची मोठी बाटली, भरून घेऊ, 64 औंस.

मीनाआत्या, 8:22
सहल कुटुंबाची आहे की गुत्त्याची?

पराग, 8:23
आत्या, गुत्त्यात पाच औंसाचे टेस्टर देत नाहीत.

मिलिंद, 8:34
ग्राउलरपेक्षा क्राउलर घ्या. 32 औंसाचा कॅन, समोर सील करतात. ग्राउलर उघडला की दीड दिवसात बिअर मेली. काठोकाठ भरलेला ग्राउलर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर काच तडकू शकते. आणि सील तुटलेला ग्राउलर ड्रायव्हरच्या आसपास सापडला तर ते कायद्याने दारूचं उघडं भांडंच. आरव्हीच्या राहण्याच्या भागाला कोलोरॅडोत सूट आहे, पुढच्या सीटांना नाही. रक्तातल्या दारूचं प्रमाण 0.08 झालं की डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा), पण 0.05 पासूनच दुसरा गुन्हा लागतो. एवढ्या उंचीवर थकवा, डोकेदुखी आणि बिअर यांतला फरकही कळत नाही. चालवणारा एक थेंब घेणार नाही.

सुनीतावहिनी, 8:36
चालवणारा म्हणजे पुन्हा मीच ना? गेल्या वेळसारखी?

पराग, 8:36
🙏

रेवा, 8:40
ओल्ड फॉल रिव्हर रोडने वर जाऊया का? फोटो भारी असतात.

केतन, 8:44
आरव्हीने नाही. 25 फुटांपेक्षा लांब गाडी आणि ट्रेलरला बंदी आहे. कच्चा, एकेरी, फक्त चढणीचा. जूनच्या मध्यात उघडलेला असेलच असंही नाही. ट्रेल रिजने जा, माथा 12,183 फूट. उतरताना खालचा गिअर किंवा जड ओझ्यासाठीचा टो-हॉल मोड. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापतात, वास येतो आणि मग धरत नाहीत.

मीनाआत्या, 8:47
वरणभाताचं कोण बघणार? की बिअरवरच राहायचं?

सुनीतावहिनी, 8:52
आत्या, कुकर घेतलाय. तिथे पाणी 91-92 सेल्सियसलाच उकळतं. उघड्या भांड्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो, चहाही फिका होतो. कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. डाळ घरूनच भिजवून न्यायची.

मीनाआत्या, 8:53
बरं.

सुनीतावहिनी, 8:55
आणि डंपिंग, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं, कोण करणार तेही आजच ठरवा.

पराग, 8:56
मी नेटवर्कबाहेर आहे.

मिलिंद, 9:03
पराग, तूच. हातमोजे. हुकअप असला तरी काळ्या (संडासाच्या) टाकीचा व्हॉल्व्ह रोज बंदच ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं, घट्ट ते आत साचतं आणि मग काही केल्या निघत नाही. निम्म्याहून जास्त भरली की आधी काळी सोडायची, मग राखाडी (आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची). साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. उलट केलंस तर नळी धुवायलाही तूच.

अजितकाका, 9:06
पण मग पार्कात शिरायचं कसं? ती एन्ट्री साइटबरोबर जाणार म्हणाला होतात.

केतन, 9:15
काका, नेमका प्रश्न. वेगळी काढायची. जूनची परवा उघडते, 1 मे, सकाळी आठला. दोन प्रकार: बेअर लेक रोडसह घेतलं तर पहाटे 5 ते संध्याकाळी 6 मध्ये परमिट लागतं, बाकी पार्कला 9 ते 2. आपल्याला ‘बेअर लेक रोडसह’ हवं. पार्क अँड राइडची शटल बस घ्यायची तरी तेच, कारण तो वाहनतळ त्याच रस्त्यावर आहे. आरव्ही मेरीज लेकलाच ठेवू, माझ्या आठ सीटच्या गाडीला रोज एक परमिट, 2 डॉलर. पार्कची फी वेगळी.

रेवा, 9:17
हुकलं तर?

केतन, 9:18
काही परमिट आदल्या संध्याकाळी सातला सुटतात. पण त्यावर भरवसा ठेवून भांडण नको.

सुनीतावहिनी, 9:31
मेरीज लेकला फोन केला. फुल हुकअप आहे, 13 ते 15 जून, ड्राइव्हवे 35 फूट, विचारून घेतलं. बुक केली. परागची साइट आता रद्द करते. 10 डॉलर पराग देणार.

पराग, 9:32
👍 (रडत)

केतन, 9:34
परवा सकाळी आठ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात. काका, तुम्हीही लॉगिन करून बसा, जितके जास्त तितकं बरं. फक्त तुमच्या नावावर निघालं तर गेटवर तुमचं ओळखपत्र लागेल.

अजितकाका, 9:38
महाराष्ट्र दिनाची सुट्टीच आहे. गजर लावला. सीपॅप बॅटरीवर चालवायची 12 व्होल्टची वायर घ्यायची का, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

मिलिंद, 9:40
घ्या काका. रात्री कोणीतरी हीटर, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावणारच आहे.