मदत हवी आहे: बँकॉकला मध्यरात्री उतरल्यावर टॅक्सी

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन बँकॉकला जातोय. विमान सुवर्णभूमी विमानतळावर उतरतं, पण इमिग्रेशन आणि बॅगा होईपर्यंत बारा वाजून जाणार, म्हणजे एअरपोर्ट रेल लिंक बंद. तशीही बाबांच्या गुडघ्यामुळे टॅक्सीच बरी. हॉटेल सुखुमवितला आहे.

वाचून एवढं कळलंय: आगमन दुसऱ्या मजल्यावर, तिथे मागे लागणाऱ्यांना टाळून पहिल्या मजल्यावर उतरायचं, यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावरच्या क्रमांकाच्या लेनमध्ये जायचं. साध्या टॅक्सीचं मीटर 35 बाटपासून, वर विमानतळाचे 50 बाट.

अडतंय ते पुढे. ड्रायव्हर मीटर न टाकता ठोक रक्कम सांगू लागला तर? आईबाबांना घेऊन अपरात्री हुज्जत घालायची माझी तयारी नाही. टोल मीटरमध्येच येतो का? पत्ता इंग्रजीत चालतो? हॉटेलची गाडी हाही पर्याय आहे, पण दर ऐकून गप्प बसलोय.

प्रतिसाद १
मीटरचं बॅगा डिकीत जाण्याआधीच विचारा. सामान आत गेलं की आपण अडकतो. नाही म्हणाला तर सरळ दुसरी चिठ्ठी काढा. हातातली चिठ्ठी मात्र शेवटपर्यंत जपा, तक्रार करायची वेळ आली तर तीच कामाला येते.
टोल वेगळा, नाक्यावर आपणच रोख द्यायचा. एटीएममधून हजाराच्या नोटा निघतात, त्या विमानतळावरच मोडून घ्या. पत्ता हॉटेलकडून थाईत मागवा आणि त्यांचा फोन नंबरही ठेवा. रस्ता सापडला नाही की ड्रायव्हर तिथेच फोन लावतो.

प्रतिसाद २
ग्रॅबचा (ॲपवरून गाडी मागवायची सेवा) विचार करा. भाडं आधीच दिसतं, मीटरचा वादच नाही. फक्त गाडी कुठल्या दाराशी येतेय ते शोधताना थोडी धावपळ होते, तेव्हा आईबाबांना बाकावर बसवून तुम्ही बघा.

धागाकर्ता
आभार! चिठ्ठीच घेईन म्हणतो. तीन मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीत मावतील ना?

प्रतिसाद १
अवघड आहे. बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते, अर्धी जागा तीच खाते. मोठ्या टॅक्सीची चिठ्ठी वेगळी मिळते, ती घ्या. बाबांनाही पाय पसरता येतील.