मदत हवी आहे: ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट जाड केला, तर तो आणखी लवकर का तुटला?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या कुटबणच्या जेटीजवळ माझं लहान वर्कशॉप आहे, ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. एका सहा सिलिंडरच्या इंजिनाचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) धरणारा ब्रॅकेट गेल्या वर्षी मे महिन्यात तुटला. मूळचा, ८ मिमी जाडीचा, चार वर्षं टिकलेला. त्यावरून साचा करून भर जुलैत वाळूत नवा ओतून घेतला, माल भंगारातला. जाडी मुद्दाम १४ मिमी ठेवली. भार तोच असेल तर वाकण्याचा ताण जवळजवळ एक तृतीयांशावर येतो, असा माझा हिशेब. तो सात आठवड्यांत गेला. खोल पाण्यात बेल्ट सुटल्याचा आवाज तांडेलाने वेळेवर ऐकला म्हणून इंजिन वाचलं.

तुटलेली बाजू भिंगाखाली धरली. बोल्टच्या भोकाच्या कडेपासून अर्धगोल रेघा पसरत गेल्यात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. पुढचा भाग खरखरीत, करडा. आणि रेघा जिथून निघतात तिथे, मशीन केलेल्या पृष्ठभागाला अगदी लागून, खसखशीएवढा काळा खळगा.

चीर फटीगची आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने धातू थकून गेला, हे कळतं. पण जाडीने उलटं का केलं? हीट ट्रीटमेंट केली नव्हती. तेवढी केली तर भागेल का? मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला उठते, त्याआधी नवा ब्रॅकेट बसवायचाय.

ओतशाळा२५:
दादा, तुमचा ताणाचा हिशेब बरोबर आहे, धातू मात्र तोच राहिला नाही. जाड भाग वाळूत सावकाश थंड होतो. डेंड्राइटच्या (धातू गोठताना झाडासारखे वाढणारे स्फटिक) फांद्या एकमेकींपासून दूर दूर वाढतात आणि त्यांच्या मधल्या जागेत सगळी घाण मोठी होते: हायड्रोजनच्या पोकळ्या, सिलिकॉनचे जाड तुकडे, भंगारातल्या लोखंडामुळे तयार होणारी सुयांसारखी पातळ पानं. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन घन धातूच्या जवळपास वीस पट मावतो. गोठताना तो बाहेर पडतो, आणि पावसात ओलसर भंगार टाकलं की भरपूर मिळतो.

फटीगला सरासरी मजबुती कळत नाही, तो सगळ्यात मोठी पोकळी शोधतो. ती पृष्ठभागाजवळ असेल तर फार वाईट. तुम्ही मशीन करून वरची दाट कातडी काढली आणि नेमकी ती पोकळी उघडी पाडली. १५०० आरपीएमला सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन तासाला २ लाख ७० हजार धक्के देतं. चिरीला सुरुवात मिळाली की पुढे सिलिकॉनच्या कणांवरून ती सरकत जाते.

टी-सिक्स (तुम्ही म्हणता ती हीट ट्रीटमेंट) केल्याने धातू कडक होईल, पोकळ्या तशाच राहतील. आधी तुकडा हवेत आणि पाण्यात तोला. एलएम-२५ ची (ओतकामाचा ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू) घनता २.६८ ग्रॅम प्रति घनसेंमीच्या आसपास हवी. भंगारात तांबं-जस्त असलं तर ती वाढतेच, म्हणजे आकडा कमी आला तर पोकळ्या आहेतच. नवा ओतताना ताजी इनगॉट (शुद्ध मिश्रधातूची वीट) घ्या, ती आधी तापवून कोरडी करा, नायट्रोजनने डिगॅसिंग करा (वितळलेल्या धातूत नळीने तो सोडून हायड्रोजन काढा) आणि भोकाच्या बाजूला साच्यात लोखंडी चिल (उष्णता लवकर ओढणारा तुकडा) बसवा. जाडी १० मिमीच्या वर नेऊ नका.

दर्याकाठ:
वजन वाढल्याने कंपनाची वारंवारता बदलली असेल, तेही बघा. मागून एक आधारपट्टी दिली तर बरं.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काल तोललं. तुटलेल्या १४ मिमीचा तुकडा हवेत ३१२ ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात बुडवून १९१. घनता २.५८. जुन्या ब्रॅकेटचा तुकडा २४८ आणि १५५, म्हणजे २.६७. आधारपट्टीसाठी इंजिन ब्लॉकवर एक रिकामं भोक सापडलं आहे. ओतकाम करणाऱ्याकडे नायट्रोजनची बाटली आहे, पण ग्राफाइटची नळी नाही. लोखंडी नळीला लेप देऊन चालेल का, की ती विरघळून धातूत आणखी लोखंड घालेल?