'सेट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न – 'सेट' म्हणजे 'संच' असं शाळेत शिकवतात. पण गजर, सिमेंट, सूर्य, हाड यांतल्या कशालाच 'संच' चालत नाही. भाषांतर करताना सुरुवात कुठून करावी?

उत्तर – मुळात हे दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द आहेत. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं. ते 'सिट'चं प्रयोजक रूप. आपली बसणे–बसवणे ही जोडी अगदी तशीच. त्याचं मूळ आणि संस्कृतातला 'सद्' धातू एकाच कुळातले. सदन, संसद, परिषद हे शब्द त्या 'सद्'चेच. समूह या अर्थाचं नाम मात्र लॅटिन 'सेक्टा'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आलं. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचा भाऊ. पुढे दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळले. गणितातला 'संच' फक्त या दुसऱ्या घराण्याला पुरतो.

म्हणून क्रियापद दिसलं की आधी 'बसवणे' लावून पाहा. खडा कोंदणात बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, खेळपट्टीवर स्थिरावलेल्या फलंदाजाचा जम बसलेला असतो. ते जमलं नाही तर 'लावणे' घ्या. गजर लावतात, सापळा लावतात, कवितेला चाल लावतात. 'लावणे' हा मला 'सेट'चा खरा जोडीदार वाटतो, कारण त्याच्याही अर्थांना अंत नाही. उरलेल्या ठिकाणी मराठीची स्वतःची क्रियापदं तयारच आहेत: पानं मांडणे, तारीख ठरवणे, प्रश्नपत्रिका काढणे, उदाहरण घालून देणे, छापखान्यात खिळे जुळवणे. सूर्य मावळतो.

पुरवणी, अर्थांच्या संख्येबद्दल – ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० हून अधिक अर्थ होते आणि तोच पहिला मानला जाई. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने लिहिताना 'रन' पुढे गेला. त्याच्या नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले.

बांधकामातला 'सेट' – इथे गफलत हमखास होते. सिमेंट 'सेट' होणं म्हणजे त्याचा मऊपणा जाणं. मजबुती येणं ही वेगळी गोष्ट, ती पुढे कित्येक दिवस वाढत राहते. साध्या पोर्टलंड सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे पहिली घट्टता ३० मिनिटांच्या आत यायला नको आणि शेवटची ६०० मिनिटांच्या आत यायलाच हवी. सिमेंट दळताना जिप्सम घालतात ते याचसाठी. नाहीतर पाणी पडताच माल आखडेल. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो कालवला तर जमू लागलेली पकड तुटते आणि काम कच्चं राहतं. तेव्हा 'सेट'ला 'घट्ट होणे' आणि 'हार्डन'ला 'मजबुती येणे' असं वेगळंच लिहावं. दोन्हींना 'कडक होणे' लिहिलं की वाचणारा साचा लवकर काढायचा.

स्वयंपाकात तर आपलीच भाषा जास्त नेमकी. दही लागतं, पिठलं आळतं, साजूक तूप थिजतं. इंग्रजीचा एक 'सेट' पाहून तिन्हींना 'सेट होणे' म्हणू नये.

शेतीतला – फुलोऱ्यानंतर फळ धरणं म्हणजे 'फ्रूट सेट', मराठीत फळधारणा. द्राक्षबागायतदार 'मणी सेटिंग' म्हणतात आणि तो शब्द आता रुळला आहे. तो बदलायचा हट्ट नको. उसाच्या कांडीचा 'सेट' मात्र शेवटी दोन 'टी' लावून लिहितात. त्याला आपल्याकडे टिपरी म्हणतात, उदाहरणार्थ दोन डोळ्यांची टिपरी.

प्रश्न – न्यायालयाचा आदेश 'सेट असाइड' झाला, याचं भाषांतर 'बाजूला ठेवला' असं वाचलं. बरोबर आहे?

उत्तर – नाही, आणि ही चूक महागात पडणारी आहे. बाजूला ठेवलेला आदेश उद्या पुन्हा हाती घेता येईल असं वाटतं. इथे तो रद्द झालेला असतो. पैसे 'सेट असाइड' केले तर मात्र ते बाजूला काढलेलेच असतात. कर्म पाहिल्याशिवाय अर्थ ठरवू नये.

काळाचीही खूण लक्षात ठेवा. 'सेट'चं रूप भूतकाळात बदलत नाही. 'ही सेट्स' असेल तर 'तो लावतो', आणि नुसतं 'ही सेट' असेल तर 'त्याने लावलं'. 'आय सेट'मध्ये ही सोय नाही; तिथे आजूबाजूची वाक्यं वाचूनच काळ ठरवावा लागतो.