स्केचअपमध्ये नेपथ्याच्या फ्लॅटवर जांभ्याचे टेक्स्चर एकसारखे का बसत नाही?

पडवीकर : राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटासाठी आम्ही बसवीत असलेल्या नाटकाचे घर कोकणातले आहे. दर्शनी भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची आणि अंगणात विहिरीचा अर्धगोल कठडा, असे नेपथ्य ठरले असून त्याचे प्रारूप मी स्केचअप या त्रिमितीय आराखड्यांच्या संगणक-प्रणालीत करीत आहे. भिंतीसाठी एकच फ्लॅट (चौकटीवर कापड ताणून केलेला नेपथ्याचा तुकडा) तयार करून, ग्रुप म्हणून (सर्व भाग एकत्र बांधून) जांभ्याच्या टेक्स्चरने, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या छायाचित्राने, रंगवून, त्याच्या प्रती काढल्या आणि दार-खिडक्यांच्या सोयीने त्या कमी-अधिक रुंद केल्या. आता एका फ्लॅटवरचे चिरे लांबट तर शेजारच्या फ्लॅटवरचे चेपलेले दिसतात. ते दुरुस्त करण्यासाठी राइट क्लिक केले असता टेक्स्चरचा पर्यायच येत नाही. कठड्यावर तर प्रत्येक उभ्या पट्टीत चित्र नव्याने सुरू होते. नेमके काय करावे?

फूटपट्टी : तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे : सगळे काम ग्रुपच्या बाहेरून झाले. पेंट बकेटने बाहेरून रंगवले की टेक्स्चर ग्रुपला लागते, आतील फेसना (सपाट पृष्ठांना) नाही. आणि टेक्स्चर सरकवण्याचा किंवा फिरवण्याचा पर्याय मात्र फक्त फेसवर मिळतो. त्यामुळे ग्रुपवर डबल क्लिक करून आत जावे, प्रेक्षकांकडील फेस निवडून त्यालाच टेक्स्चर द्यावे आणि मग राइट क्लिक करून ‘टेक्स्चर’मधील ‘पोझिशन’ घ्यावे. तेथे चार रंगांच्या टाचण्या दिसतात. लाल टाचणीने चित्र सरकते, हिरवीने ते फिरते व लहान-मोठे होते. निळी आणि पिवळी चित्र तिरके करतात, म्हणून सरळ भिंतीसाठी त्यांना हात लावू नये.

फ्लॅटची रुंदी बदलताना तुम्ही बहुधा स्केल हे साधन बाहेरून वापरले असावे. तसे केल्यास ग्रुपबरोबर टेक्स्चरही ताणले जाते. ग्रुपच्या आत जाऊन पुश-पुलने किंवा कडा सरकवून रुंदी बदलली, तर चिऱ्यांचे माप जसेच्या तसे राहते.

त्याआधी चित्राचे माप ठरवा. छायाचित्रात भिंतीचा चार फूट रुंद भाग आला असेल, तर मटेरियलच्या ‘एडिट’मध्ये रुंदी चार फूटच लिहिली पाहिजे, डोळ्यांना बरे दिसेल असे माप टाकण्याची सवय पुढे सुताराच्या आणि रंगाऱ्याच्या मुळावर येते. छायाचित्र काढताना भिंतीला एक टेप लावून ठेवावा, म्हणजे अंदाज करावा लागत नाही.

कठड्यासाठी ‘व्ह्यू’मधून ‘हिडन जॉमेट्री’ चालू करा, म्हणजे वळणावरील पट्ट्यांच्या लपलेल्या कडा दिसतील. एका टोकाची पट्टी रंगवून तिच्यावर ‘पोझिशन’ने चित्र नीट बसवा, नंतर पेंट बकेट हातात असताना विंडोजवर ऑल्ट दाबून त्याच पट्टीचा नमुना उचला आणि शेजारची पट्टी रंगवा. असे क्रमाने एकेक करत गेल्यास चिऱ्यांचे थर वळणावरून अखंड पुढे जातात. ‘प्रोजेक्टेड’ हा मार्ग झटपट आहे खरा, परंतु चित्र समोरून टाकले जात असल्यामुळे अर्धगोलाच्या दोन्ही टोकांना ते ओढल्यासारखे दिसते.

विंगेतून : वरील उत्तराला प्रकाशयोजनेच्या बाजूने एक पुरवणी. छायाचित्र भर उन्हात काढलेले असेल, तर प्रत्येक चिऱ्याच्या खाचेत सावली आधीच बसलेली असते. मग तुम्ही डाव्या विंगेतून प्रकाश टाकला तरी भिंतीवरील सावल्या उजवीकडून ऊन आल्याचे सांगत राहतात. म्हणून ढगाळ हवेत किंवा सावलीत, भिंतीच्या अगदी समोर उभे राहून छायाचित्र काढावे.

प्रकाशाची चाचणी घ्यायची असल्यास प्रारूप ब्लेंडर या दुसऱ्या त्रिमितीय प्रणालीमध्ये न्यावे. नेण्यापूर्वी स्केचअपमध्ये फेसची पांढरी बाजू बाहेर आहे ना ते पाहावे, कारण निळसर मागच्या बाजूला दिलेले टेक्स्चर पुढे हरवण्याची शक्यता असते. ब्लेंडरमध्ये फ्लॅटसारख्या चौकोनी वस्तूंसाठी ‘ऑब्जेक्ट’ कोऑर्डिनेट आणि ‘बॉक्स’ प्रोजेक्शन (चित्र वस्तूच्या मापाने, पेटीसारखे सर्व बाजूंनी बसवणे) पुरेसे आहे, परंतु त्याआधी कंट्रोल-ए दाबून स्केल पक्के करावे, नाहीतर तुमची पहिलीच तक्रार तेथेही उभी राहील. खडबडीतपणासाठी बंप (चित्रावरून उंचसखलपणा भासवण्याची सोय) वापरत असाल, तर त्या चित्राची कलर स्पेस ‘नॉन-कलर’ ठेवावी.

पडवीकर : आत जाऊन फेस रंगवल्यावर पर्याय दिसू लागला आणि कठड्याचे थरही जुळले, दोघांचेही आभार. एक शंका उरते : हेच टेक्स्चर फ्लेक्सवर छापून फ्लॅटवर चिकटवावे, असे संस्थेत काहींचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

रंगकुंचला : माझे मत विरुद्ध आहे. फ्लेक्सला चकाकी असते. समोरून प्रकाश पडला की जांभा ओला झाल्यासारखा दिसतो. शिवाय छायाचित्रातील बारीक छिद्रे मागच्या रांगांपर्यंत पोहोचतच नाहीत आणि सगळी भिंत एकसलग तांबूस दिसते. कापडावर मॅट रंगाने रंगवताना सांधे मुद्दाम थोडे रुंद आणि गडद करता येतात.

टेक्स्चरचा खरा उपयोग रंगाऱ्यासाठी आराखडा म्हणून करा. चार फुटी फ्लॅटच्या रुंदीत चिऱ्यांची पूर्ण संख्या बसेल, असे माप धरा आणि ‘पोझिशन’ने चित्र असे सरकवा, की दोन फ्लॅटमधील फट एका थरात चिऱ्यांच्या सांध्यावर येईल. बांधकामात सांधे मोडून चिरे लावलेले असल्यामुळे त्याच्या वरच्या थरात ती फट चिऱ्याच्या मधूनच जाणार. तेवढ्या ठिकाणी फ्लॅट उभे केल्यावर रंगाचा हात वरून फिरवावा लागतो. प्रत्येक फ्लॅटचे समोरून दिसणारे चित्र, परस्पेक्टिव्हऐवजी पॅरलल प्रोजेक्शन (दूरचे लहान न दिसणारे दृश्य) लावून, मापांसह वेगळ्या कागदावर छापून द्या.