वाळवलेल्या मालाला कीटकनाशक अवशेषांची मर्यादा कशी लावायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बेदाण्याच्या तपासणी अहवालाचा अर्थ लावताना अडलोय.

एका कीटकनाशकाचा अवशेष किलोला 0.03 मिलिग्रॅम आलाय. युरोपीय संघाच्या 396/2005 या नियमानुसार, ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट 0.01 लागते. पण ती ताज्या द्राक्षांची. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे नुसतं पाणी उडाल्यानेच आकडा चौपट व्हायला हवा. 0.03 ला चारने भागलं तर मूळ द्राक्षं मर्यादेत बसतात. नियमात प्रक्रियेमुळे होणारी वाढ-घट धरायची सोय आहे, पण गुणक कोणता घ्यायचा? धुताना आणि उन्हात काही रसायनं कमीही होतात, त्यामुळे डोळे झाकून चार धरणं मला तरी पटत नाही. पाण्याच्या प्रमाणावरून काढलेला गुणक चालतो, की त्या-त्या रसायनाचा अभ्यास दाखवावा लागतो?

दुसरं, मोजमापातली अनिश्चितता. सरकारी तपासणीत तिथे 50 टक्के धरतात, म्हणजे 0.013 आलं तरी खालची बाजू 0.0065 येते आणि माल नापास होत नाही. ही सूट विक्रेत्याने स्वतःच्या चाचणीत धरावी का? खरेदीदार तर थेट छापील आकडाच बघतात.

(अवशेषांची मर्यादा म्हणजे विषाची सीमा नव्हे, वेगळ्या ठरवलेल्या मर्यादा साधारणपणे योग्य फवारणीच्या चाचण्यांवरून ठरतात, हे माहीत आहे. तो वाद नको.)

प्रयोगशाळेत किंवा निर्यातीत काम करणाऱ्या कुणी प्रत्यक्ष काय करतात ते सांगाल का? गुणकांचा अधिकृत तक्ता कुठे मिळतो तेही सांगा.