तलवार गाते आणि ड्रॅगन शिंकतो, ते कार्टून कोणतं?

नंदनवनचा_भाऊ
मंडळी, मदत पाहिजे. वस्तीतल्या गणपतीत एका संध्याकाळी पोट्ट्यांसाठी पडद्यावर जुनं कार्टून लावून राहिलो. लहानपणी केबलवर पाहिलेलं एक डोक्यात बसलं आहे. चिलखत घातलेला लाल मिशांचा बुटका सरदार, त्याच्याजवळ सर्दी झालेला ड्रॅगन, शिंकला की आग. आणि एक गाणारी तलवार. नाव काही आठवून नाही राहिलं. दुसरं म्हणजे आमच्या पोट्ट्यांना इंग्रजी झेपत नाही, आणि किल्ला म्हटलं की त्यांना सीताबर्डीचाच माहीत, तोही १५ ऑगस्ट नाहीतर २६ जानेवारीला उघडतो तेव्हा पाहिलेला. इंग्रजांच्या जुन्या दंतकथेतला राजा आर्थर कोण, हे आधी समजावत बसावं लागेल काय?

इतवारी_लोकल
नाईटी नाईट बग्ज. बग्ज बनीचं आहे. मिशीवाला म्हणजे योसेमिटी सॅम.

खडू_फळा
बरोबर. १९५८ चं, वॉर्नर ब्रदर्सचं, दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग. बग्ज बनीला मिळालेलं एकुलतं एक ऑस्कर याच कार्टूनचं. त्या वर्षी डिस्नेचं पॉल बनियनही नामांकनात होतं, ते हरलं.

महालात माझा चित्रकलेचा क्लास आहे. तिथं हे आधी आवाज बंद करून दाखवतो. तलवारीचं गाणं सोडलं तर पोट्टे हसायच्या तिथंच हसतात. आर्थरबद्दल एवढंच सांगा: राजानं विदूषकाला, म्हणजे बग्जला, सॅमच्या किल्ल्यातली तलवार आणायला पाठवलं, नाही आणली तर मुंडकं उडणार. बाकी पूल वर गेला, पूल खाली आला, सॅम बाहेर राहिला, हे डोळ्यांनीच कळते. तो कॅटापुल्टमधून, म्हणजे दगड फेकायच्या यंत्रातून, स्वतःलाच फेकून घेतो आणि थेट भिंतीवर चेपतो. याला भाषा कायची लागते?

फ्रेलेंग विनोदांची वेळ संगीताच्या पट्टीवर, ताल मोजून लिहायचा. म्हणून त्याच्याकडं मार बसण्याआधीचा थांबा नेमका असतो. ड्रॅगनची सर्दीच बघा. सुरुवातीला शिंक आली की सॅम नुसता भाजतो, आणि ड्रॅगन किती मूर्ख असतात म्हणून चिडतो. हा सूर पोट्ट्यांना बरोबर कळते, प्रगतिपुस्तकाच्या दिवशी घरी ऐकलेला असते. मग शेवटी दोघं स्फोटकांच्या कोठडीत कोंडले जातात आणि ड्रॅगनचं नाक हुळहुळू लागते. सॅम त्याला थांबवायला जिवाचं रान करते. इथं तुम्ही काही बोलू नका. पोरंच ओरडतील.

मग अख्खा बुरूज रॉकेट होऊन चंद्राकडं! आर्थरच्या काळात स्फोटकं कुठून आली, असं क्लासमधली एक शहाणी पोरगी दरवेळी विचारते. मला उलट ते आवडते. वर्ष पाहा: पहिला कृत्रिम उपग्रह स्पुतनिक ऑक्टोबर १९५७ मध्ये उडाला, हे आलं ऑगस्ट १९५८ मध्ये. लोकांच्या डोक्यात तेव्हा आभाळच होतं.

धरमपेठचा_जुना
माझं मत वेगळं. त्याच घराण्यातलं रॅबिट हूड, १९४९, चक जोन्स, हे जास्त चांगलं आहे. बग्ज राजाचीच बाग शेरीफला विकते आणि तो बावळट तिथं घर बांधायला घेते. शेवटी खराखुरा नट एरॉल फ्लिन येतो, १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातला तुकडा जोडला आहे.

खडू_फळा
कार्टून म्हणून मान्य, गणपतीसाठी नाही. तो बागेचा सौदा सगळा बोलण्यावर चालते. आणि फ्लिन कोण हे सहा वर्षांच्या पोट्ट्याला कोण सांगणार? माझ्या मोठ्या मुलांना दाखवतो, लहानांना नाही.

नंदनवनचा_भाऊ
सर, मग ठरलं, शिंकणारा ड्रॅगनच. सात मिनिटंही नाही, दोनदा लावता येईल, पहिल्यांदा तुमच्यासारखं आवाज बंद करून. तलवारीचं गाणं मागच्या रांगेपर्यंत जावं एवढा स्पीकर कोणाकडं आहे काय? आमचा आरतीवाला फाटून गेला आहे.